दारातला कॅमेरा आणि दोन परके

"समोरच्या दाराचा कॅमेरा दाखव," असे बाबांनी आज संध्याकाळी पडदा असलेल्या स्मार्ट स्पीकरला सांगितले आणि उपकरण प्रतिसाद देत नसल्याचे उत्तर त्याने दिले. माझ्या फोनवर मात्र दारातला इस्त्रीवाला त्याच क्षणी स्वच्छ दिसत होता.

कॅमेरा वाय-फायवर व्यवस्थित चालू होता. त्याच्या अ‍ॅपचा पासवर्ड बदलल्यामुळे कॅमेऱ्याचे खाते आणि स्पीकरच्या व्हॉइस असिस्टंटचे (बोललेल्या आज्ञा पाळणाऱ्या सेवेचे) खाते यांमधली जोडणी तुटली होती आणि व्हॉइस असिस्टंटच्या अ‍ॅपमधून ती काढून पुन्हा जोडल्यावर चित्र आले. (हा पर्याय सेटिंग्जमध्ये इतका खोल का दडवतात, कोण जाणे.)

स्पीकर आपली आज्ञा त्याच्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, तो सर्व्हर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतो आणि मगच चित्र दिसते, हे मी बाबांना समजावले. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या दारात कोण आले, हे दोन परक्यांना विचारायचे?"

तेव्हापासून हे वाक्य मनातून जात नाही. इंटरनेट नसतानाही घरातल्याच नेटवर्कवर थेट चित्र दाखवणारे आणि चित्रण घरच्याच रेकॉर्डरवर साठवणारे कॅमेरे मिळतात, परंतु खरेदीच्या वेळी आपण तेवढी चौकशी करत नाही. तुमच्यापैकी कोणी तसे कॅमेरे वापरत आहे का?