वापरायला जीव होत नाही

जुना शर्ट फडक्यांत जमा करण्याआधी त्याची बटणं काढून घ्यायची, हा आमच्या घरचा नियम. परवा दुपारी तेच करत बसलो होतो. बटणं झाली, म्हटलं खिसाही उसवून टाकू, तेवढंच सपाट कापड हाती लागेल. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडत खिसा सोडवला, तर खाली गडद निळा चौकोन! हा शर्ट मी इतकी वर्षं आकाशी म्हणून घालत होतो. तो मुळात असा होता तर. ऊन आणि साबण मिळून बाकीचा विटवला, खिशाआड दडलेला तेवढा वाचला.

फडकं राहिलं बाजूला. चौकोन कापून घेतला आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकला.

चिंध्यांची पिशवी ज्यांच्याकडे आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगून उपयोग नाही. तिच्यातही मानपान असतात. तळाला जीनचे पाय, पडद्यांचे उरलेले तुकडे, अशी दांडगी मंडळी. मधे अभ्रे, कुर्त्यांच्या बाह्या, बऱ्यापैकी शर्टांच्या पाठी. आणि सगळ्यांत वर, एका वेगळ्या छोट्या पिशवीत, 'चांगले तुकडे'. चांगला तुकडा म्हणजे ज्याला कात्री लावायची नाही तो. कुणासाठी काही शिवायला घेतलं की आधी ती छोटी पिशवी उघडायची, सगळे तुकडे पलंगावर मांडायचे, हात फिरवायचा, 'हा नको, हा एखाद्या खास माणसाला होईल' असं म्हणत पुन्हा घडी घालायची आणि मग मधल्या थरातलं काहीतरी उपसायचं. खास माणूस अजून यायचा आहे. ज्यांना आजवर माझ्या हातचे बटवे मिळाले त्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

शिवतो मी साधंच. बटवा, चष्म्याचं घर, टाचण्यांची गादी, पुस्तकात घालायची खूण, एखाद्या बाळासाठी चिंध्या भरलेला चेंडू. कापड शक्यतो जुनं सुती. नव्यातली खळ सुईला अडते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडातून सुई नुसती जाते. जॉर्जेट आणि साटीनच्या वाटेला मी जात नाही, कापेपर्यंत कडा सुटायला लागतात. एखाद्या तुकड्याचा संशय आला तर त्यातला एक धागा काढून पेटवून बघतो. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरणारी राख उरते. पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. हा प्रयोग खिडकीशी करावा. घरातल्यांना नाहीतर वाटतं, गॅसवर काहीतरी राहिलं.

घरात मशीन आहे. तरी द्यायची वस्तू मी हातानंच शिवतो. त्यात फार उदात्त काही नाही, मशीन सुरू असलं की गप्पा ऐकू येत नाहीत. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, सोडायची, धावदोरा घालायचा, चार टाक्यांनंतर एक उलटा टाका, म्हणजे दोरा ओढला गेला तरी शिवण धरून राहते. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की पुन्हा ओवायचं वाचतं खरं, पण त्याच्या गाठी सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे लांबच घेतात.

ओवणं हे लहानपणी माझं खातं होतं. आजीला नेढं दिसायचं नाही आणि मी दुपारी शाळेत. मग सकाळी दप्तर भरायच्या आधी ती मला रीळ आणि सुयांची पुडी घेऊन बसवायची. सुटे सुटे दोरे ओवायचे नाहीत. रिळाचं एकच टोक एका सुईतून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, अशी पुडीतल्या सगळ्या सुयांची माळ त्या एका दोऱ्यावर करायची. दुपारी आजी पहिली सुई धरून हातभर दोरा ओढी, बाकीच्या सुया रिळाकडे सरकवी आणि मधे कापी. पहिली सुई दोऱ्यासकट तयार, बाकीच्या रिळावर आपल्या पाळीची वाट बघत. मी घरी येईपर्यंत माळ संपलेली असायची आणि सुया आजीच्या पदराला टोचलेल्या. 'आजी, एखादी टोचेल ना तुला!' म्हटलं की म्हणायची, 'मला कळतं रे कुठं काय आहे ते.' दोरा तोडायला तिला कात्री लागायची नाही, दात पुरायचे. अंगुस्ताना मात्र हवाच. तो तिच्या बोटाला इतका बसलेला असे की तशीच उठून दार उघडायला जाई.

बंगालच्या जुन्या कांथ्यांत, म्हणजे तिकडच्या गोधड्यांत, तर दोरासुद्धा विकतचा नसे. विरलेल्या साड्यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि साडीच्याच काठातून रंगीत धागे ओढून काढून त्यांनी ते शिवायचे. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. रीळ आणतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. वस्तू देऊन झाली की समोरचा माणूस ती उलटसुलट करून बघतो, 'हे हातानं?' म्हणतो, आणि मग ते वाक्य येतं: 'किती छान, वापरायला जीवच होत नाही!' बटवा कपाटात जातो. म्हणजे आमच्या कपाटातला तुकडा सुईखालून फिरून त्यांच्या कपाटात, एवढाच काय तो प्रवास. त्यांना काय बोलणार? छोटी पिशवी कुणाच्या घरात आहे?

हे मोठ्या प्रमाणावरही होतं. अमेरिकेत अलाबामात, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, थंडीत पांघरायला. 2002 मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपालतिकिटांवरही आल्या. मान मिळाला, मिळायलाच हवा होता. पण फोटोत त्या भिंतीवर ताठ टांगलेल्या दिसल्या की मला उगाच वाटतं, कुणीतरी एखादी काढून अंगावर घ्यावी.

माझ्या गिऱ्हाइकांत अपवाद एकच, मावशी. तिला चष्म्याचं घर दिलं त्या दिवशी तिनं छान म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, चष्मा आत घातला आणि पिशवीत टाकलं. मध्यंतरी आली तेव्हा ते माझ्यासमोर ठेवलं. तळाची शिवण फाटली होती, अस्तर बाहेर आलं होतं, झाकणाशी बोटांचा काळपट डाग.

'अरे, हे जरा बघ. चष्मा खालून पडतो.'

'मावशी, नवीन देतो ना शिवून.'

'नवीन कशाला? ठिगळ लाव. चहा होईपर्यंत होईल की.'

मधल्या थरातला हाताला आला तो तुकडा घेतला, पिवळा, रंगाचा काही मेळ नव्हता. मावशीनं ते लांब धरून पाहिलं, चष्मा आत सरकवला, उलटं करून दोनदा जोरात झटकलं. पडला नाही.

'झालं,' म्हणाली. 'आता चहात साखर कमी घाला म्हणावं आतल्यांना.'