जुनी एकनळी ट्रॅप गन तपासून घेताना: माझा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगते. जुनी शॉटगन गनस्मिथकडे तपासायला दिलीत तर आकडे मागा, आणि कागदावर लिहून मागा. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या भागाची) लांबी, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, चोक म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलीय ते, आणि नळीची जाडी. हे चार आकडे देता येत नसतील तर त्या माणसाकडे बंदूक ठेवूच नका. माझा अख्खा उन्हाळा ह्यात गेलाय, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय.

मी ओहायोत राहते, अमेरिकन ट्रॅप खेळते, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडायच्या. आपल्याकडे लोकांना ऑलिम्पिकचा ट्रॅप माहीत असतो, तिथे पात्रता फेरीत एका टारगेटला दोन बार मिळतात त्यामुळे दुनळी लागते. इथल्या एटीएच्या (अमेरिकन ट्रॅपची संघटना) सिंगल्समध्ये टारगेट एक आणि बारही एकच, १६ यार्डांवरून, आणि हँडिकॅपमध्ये मागे मागे नेत २७ यार्डांपर्यंत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी इथल्या कंपन्यांनी खास ट्रॅपसाठी एकनळी बंदुका काढल्या, लांब नळी, वर रिब (नेम धरायची पट्टी), घट्ट चोक, सरळ दस्ता. शेतावरच्या स्वस्त एकनळीशी त्यांचा काही संबंध नाही. इथाकाची १९१४ ला आली, पार्करची १९१७ ला. लष्करी बँडच्या मार्च धुनांसाठी प्रसिद्ध असलेला संगीतकार जॉन फिलिप सूझा ट्रॅपचा इतका शौकीन होता की इथाकाने त्याच्या नावाची ग्रेडच काढली.

मला मिळाली ती बेकर. बटाव्हिया, न्यूयॉर्कची कंपनी, १९१९ मध्ये फॉलसम कंपनीने विकत घेतली, आणि आमच्या क्लबात निम्म्या लोकांनी नावही ऐकलेलं नाही. एका जुन्या सभासदाच्या सामानातून डीलरकडे आलेली, किंमत हजार डॉलरच्या बरीच खाली. पार्कर असती तर कलेक्टर्स असोसिएशनकडून जुन्या ऑर्डर बुकातल्या नोंदीचं पत्र मागवता आलं असतं, बेकरसाठी मला तसं काही सापडलं नाही, म्हणजे बंदूक स्वतः काय सांगते तेवढंच.

दुकानातली तपासणी मी स्वतः केली आणि ती नीट केली. फोरेंड (नळीखालचं पुढचं लाकूड) काढून, दस्ता धरून नळी हलवून बघितली, अजिबात खुळखुळत नव्हती. वरचा लिव्हर बंद केल्यावर मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडेच थांबत होता, म्हणजे लॉकिंग झिजलेलं नाही. नळी हुकावर लटकवून हळूच टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली, रिबचं डाख सुटलेलं असेल तर आवाज बसका येतो. उजेडाकडे धरून आतून बघितल्यावर एक बारीक पोचा दिसला, बाकी आरसा. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) आणि बॅकग्राउंड चेक लगेच झालं. (एच-वन-बी वाल्यांनी मात्र आधी नियम वाचा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर सहसा बंदूक घेता येत नाही, हंटिंग लायसन्स वगैरे ठराविक अपवाद आहेत. माझं ग्रीन कार्ड आहे.) डीलरने लिहून दिलं की नळीत दोष निघाला तर लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) परत घेईन. भला माणूस.

आता खरी कटकट. अमेरिकेत ब्रिटनसारखं सक्तीचं प्रूफ हाउस (नळी जास्त दाबाने तपासून शिक्का मारणारी संस्था) नाही, बर्मिंगहॅम किंवा लंडनचा शिक्का असतो तसा इथल्या जुन्या नळीवर काही शिक्का नसतो. त्यामुळे नळी सुरक्षित आहे का हे मोजूनच कळतं, दुसरा रस्ताच नाही. त्यात त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन बारा बोअरचे चेंबर २⅝ इंचाचे आणि आजचं काडतूस २¾ चं, आणि ती २¾ लांबी उडवून उघडल्यानंतरची असते, म्हणजे न उडवलेलं काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणूस फसतो. उडाल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नंतर कोणीतरी चेंबर लांब करून घेतलेला असेल तर धातू नेमका तिथूनच गेलेला असतो जिथे दाब सगळ्यात जास्त.

एवढं सगळं मी त्या पहिल्या गनस्मिथला सांगून बंदूक दिली. जवळचा, सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून दिली. "पुढच्या आठवड्यात." मग पुन्हा "पुढच्या आठवड्यात." फोन केला की बायको उचलणार, तो गॅरेजमध्ये. प्रत्यक्ष गेले तर माझी बंदूक रॅकमध्ये जिथे ठेवली होती तिथेच, पहिल्या दिवशीचा टॅग तसाच. मी ऑगस्टमध्ये इलिनॉयमधल्या स्पार्टाला ग्रँड अमेरिकनला, म्हणजे एटीएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, ती घेऊन जायचं ठरवलं होतं, ते गेलंच. लेबर डे जवळ यायला लागला तेव्हा मी म्हटलं जशी आहे तशी द्या. तर म्हणे झालीय तपासून, वॉल हँगर आहे, भिंतीवर लावा, आणि वर तपासणीचं बिल. मी विचारलं जाडी किती आली? "एवढी जुनी नळी बघितली की कळतं." चेंबर किती? "जुन्यांचे आखूडच असतात." जाडी मोजायचं गेज होतं का, तर नव्हतंच! ह्या माणसाने माझा सीझन खाल्ला आणि त्याच्याकडे अवजारच नव्हतं. मला अजूनही संताप येतो, कारण दुसरी कोणी असती तर त्याचं ऐकून चांगली बंदूक परत केली असती किंवा नळी कापून दिवा बनवला असता.

म्हणून देण्याआधी एकच विचारा, तुमच्याकडे वॉल थिकनेस गेज आणि चेंबर गेज आहे का. आणि मुक्कामाला ठेवलीत तर त्याच्या वहीत नोंद झाली पाहिजे, तारीख बघून घ्या. परत घेताना पुन्हा फॉर्म लागत नाही.

दुसरा माणूस पश्चिम पेनसिल्व्हेनियात मिळाला, जुन्या दुनळ्यांचंच काम करतो. माझ्यासमोर मोजली, कॉफी संपायच्या आत. चेंबर २⅝, कोणी हात लावलेला नाही. बोअर ०.७३० इंच, चोक ३६ थाउ (इंचाचे हजारावे भाग). चेंबरच्या पुढे जाडी ०.११५, सगळ्यात पातळ जागी ०.०३८. इथले जुन्या बंदुकांचे लोक पातळ जागी ०.०२५ ते ०.०३० च्या खाली गेलं की सावध होतात, त्या मानाने माझी भक्कम आहे. पोचा त्याने तिथल्या तिथे काढून दिला. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, खरंच.

एक राहिलं, दस्ता. बऱ्याच जुन्या बंदुकांचे दस्ते फार खाली झुकलेले असतात, ट्रॅपला ते चालत नाही कारण टारगेट वर चढत असतं आणि बंदुकीने थोडं वरच मारायला हवं. खरेदीच्या वेळीच गालाला लावून बघा, आणि टँगच्या (दस्त्यात घुसणारी धातूची पट्टी) मागे लाकडात चीर आहे का तेही, तिथे तेल मुरलेलं काळं लाकूड असेल तर सोडून द्या.

मग ४० यार्डांवर कागद लावला. फुल चोकने ३० इंची वर्तुळात ७० टक्के छर्रे द्यायला हवेत, माझी तीन-चतुर्थांशाच्या आसपास देते आणि पॅटर्न बिंदूच्या वर बसतो, ट्रॅपला हवा तसाच. काडतुसं मी २½ इंची, कमी दाबाची, एक औंसवाली वापरते. छर्रा आठ नंबर, एटीएमध्ये साडेसातपेक्षा मोठा चालत नाही. दुकानातली नेहमीची २¾ वाली त्यात घालत नाही, आधुनिक बारा बोअरची दाबाची मर्यादा ११,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि ती ह्या नळीसाठी ठरवलेली नाही. ही काडतुसं महाग पडतात आणि मागवावी लागतात, त्यामुळे सरावाला माझी नेहमीचीच बंदूक असते आणि बेकर रविवारच्या लीगला निघते.