सतरावी गाळलेली जागा

इंग्रजीच्या क्लासात मिळालेला, चाळीस गाळलेल्या जागांचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. रद्दीत टाकायला दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. सतराव्या जागेवरच्या लाल फुलीचा राग अजून गेलेला नाही.

मी मिरजेत एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या एनएमसीकडे, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, नोंदणी लागते आणि त्याआधी इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी आयईएलटीएस नाहीतर ओईटी, या इंग्रजीच्या परीक्षांपैकी एक. मी ओईटी घेतली, कारण ती आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहायला सांगत नाहीत, पेशंटचं रेफरल लेटर लिहायला सांगतात. वाचणं, ऐकणं आणि बोलणं यांत ५०० पैकी ३५० हवेत, लिहिण्यात ३०० चालतात. पहिल्या खेपेला बाकी तिन्ही निघाले आणि बोलण्यात ३२० आले. बारा वर्षं दिवसाला शंभर माणसांशी बोलणारी बाई बोलण्यातच अडकली! घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तू? बोलण्यात?"

काय चुकलं ते माझं मला माहीत होतं. बोलताना क्रियापदापाशी आले की गाडी थांबायची. वाक्य डोक्यात मराठीत तयार, तोंड उघडलेलं, आणि आता विल म्हणू की गोइंग टू म्हणू, या विचारात दोन सेकंद जायची. मग जे तोंडाला येईल ते.

म्हणून एक ऑनलाइन क्लास लावला. रात्री नऊ ते साडेदहा. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, असे क्लास गल्लोगल्ली आहेत. पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता आला. भूतकाळ, वर्तमानकाळ आठवड्यात झाले. एकच गोष्ट नव्याने कळली आणि ती खरोखर कामाची निघाली. आपण म्हणतो "तीन दिवसांपासून ताप आहे", म्हणून आपण सगळे "शी इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज" लिहितो. मीही बारा वर्षं हँडओव्हरच्या वहीत तेच लिहिलं. तिकडे "शी हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज" हवं. रेफरल लेटरमध्ये हे वाक्य पहिल्या दोन ओळींत येतंच, तेवढं घोटून ठेवा.

मग आला भविष्यकाळ आणि त्याच्याबरोबर तो कागद.

सरांनी नियम दिला होता तो असा: मराठीत ईन-ईल आलं की विल, णार आलं की गोइंग टू, 'करतोय-करतेय' आलं की कंटिन्युअस. ऐकायला किती सोपं! मी वहीच्या पहिल्या पानावर चौकट करून लिहिलं. आणि सतराव्या जागेवर आपटले.

वाक्य होतं: नातेवाईक म्हणतो, सिस्टर, चादर ओली झालीय. नर्स म्हणते, सॉरी, आय ____ द शीट. कंसात चेंज. मी मनात मराठीत म्हटलं, "सॉरी हं, लगेच बदलते." बदलते! यात ईन कुठे आहे? णार कुठे आहे? लगेच म्हणजे आत्ताच, म्हणून मी लिहिलं "अॅम चेंजिंग". फुली. उत्तर "विल चेंज". तेविसाव्या जागेवर बरोबर उलटं. उद्या सकाळी टाके काढायचे आहेत, चार्टवर लिहिलेलं आहे, तिथे मी "विल" लिहिलं, उत्तर "गोइंग टू". तिथे निदान णार होतं, ती माझीच चूक. पण सतरा?

सरांना विचारलं. म्हणाले, "इन्स्टंट डिसिजन, मॅडम. रूल नंबर थ्री." म्हटलं, सर, पण मराठीत 'बदलते' आहे, ईन नाही. तर म्हणाले, "मराठीत विचार करू नका." अहो, पहिल्या पानावरचा नियमच तुम्ही मराठीवरून दिलात ना! हे मी म्हटलं नाही. माइक म्यूट होता माझा, आणि अनम्यूट करेपर्यंत सर अठराव्या जागेवर गेले होते. तीन आठवडे हेच. प्रश्न विचारला की रूल नंबर. एकतिसाव्या जागेवर तर "द वाउंड ____ इन टू वीक्स" असं होतं. "विल हील" आणि "इज गोइंग टू हील" दोन्ही चालतं तिथे, कुठल्याही व्याकरणाच्या चांगल्या पुस्तकात बघा. उत्तरपत्रिकेत मात्र एकच. माझी फुली तशीच. तिचे पैसे मी भरले होते, याचा राग वेगळा.

मध्येच एक आठवलं ते सांगते. शाळेत आम्हाला आय आणि वुईला शॅल, बाकीच्यांना विल असं शिकवलं होतं. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या माणसाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात घातला. मूळचा गणिती. अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्हही त्याचंच. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी तो नियम छडी घेऊन पाठ करून घेतला, आणि आज इंग्लंडच्या वॉर्डात "आय शॅल" म्हणत कोणी फिरत नाही. शॅल एका जागी मात्र अगदी जिवंत आहे, ते पुढे सांगते.

गाठ सुटली ती नाइट ड्यूटीत. चार नंबरच्या बेडवर एक आजी होत्या, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या. दर वीस मिनिटांनी बेल. मी धावत जाताना ओरडले, "आले आले!" आणि दारातच थबकले. आले? मी तर अजून पोचलेही नव्हते. भूतकाळ! जे अजून व्हायचंय ते आपण झालं म्हणून सांगतो. इंग्रजीत हे "आयॅम कमिंग". माझ्या मुलीला हे सकाळी सांगितलं तर ती दोन दिवस घरभर "आय केम, आय केम" करत फिरत होती.

त्या रात्री मी औषधाच्या ट्रॉलीवर डायरी ठेवली आणि पहाटेपर्यंत पेशंटशी जे जे पुढचं बोलले ते जसंच्या तसं लिहून काढलं. पुस्तकी नाही, तोंडातून निघालेलं. "थांबा, मी बघते." "डॉक्टरांना विचारून सांगते." "पाणी देते हं." "आता थोडं टोचणार आहे." "टोचेल जरासं, हात हलवू नका." "दोन दिवसांत सूज उतरेल." "उशी उंच करू का?" "उद्या सोडतायत तुम्हाला." "ओपीडी नऊला सुरू होते." "डॉक्टर आले की सांगते." दोन पानं भरली.

सकाळी चहा घेताना वाचलं आणि लक्षात आलं की त्यात 'मी करीन', 'मी देईन', 'मी सांगेन' असं एकही वाक्य नव्हतं. एकही! ईनचा अर्थ विल, असं ज्या पहिल्या पानावर चौकटीत लिहिलं होतं, तो ईन मी रात्रभर वापरलाच नव्हता. आपण तो केव्हा वापरतो? "येईन हो दिवाळीला." म्हणजे येणार नाही. "बघू, करीन." म्हणजे विसरा. मी आजींना "पाणी देईन" म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःच उठून तांब्या घेतला असता, मोडक्या पायाने. उभ्या उभ्या ठरवलेलं, पुढे होऊन करायचं काम आपण 'देते, बघते, बदलते' असं सांगतो, आणि इंग्रजीचा तो विल नेमका तिथे बसतो. सतरावी जागा! "लगेच बदलते" म्हणजे "आय विल चेंज". मराठीत विचार करायचाच होता, फक्त वॉर्डातल्या मराठीत.

मग बाकीचं आपोआप लागत गेलं. ठरलेलं, हातात ट्रे घेऊन पेशंटपुढे उभं राहिल्यावर सांगायचं ते 'णार आहे', म्हणजे गोइंग टू: "आयॅम गोइंग टू टेक युअर ब्लड प्रेशर." काय होईल याचा अंदाज, तिथे मात्र ईल म्हणजे विलच: "टोचेल जरासं", "यू विल फील अ शार्प स्क्रॅच." म्हणजे सरांचा नियम अर्धा खरा होता, 'ते' करेल याला बरोबर आणि 'मी' करीन याला चूक, आणि नर्सच्या तोंडी दिवसभर 'मी'च असतो. "उद्या सोडतायत" हे "दे आर डिस्चार्जिंग यू टुमॉरो", सगळी तयारी झालेली. ओपीडीची वेळ दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. आणि "उशी उंच करू का?" हे "शॅल आय रेझ युअर पिलो?" ती शॅलची जिवंत जागा हीच. 'ऊ का' आलं की शॅल आय. यात माझी आजवर एकही चूक झालेली नाही.

"डॉक्टर आले की सांगते" हे वाक्य तर फ्रेम करून लावावं. इंग्रजीत व्हेननंतर विल येत नाही, "व्हेन द डॉक्टर कम्स, आय विल टेल यू." आपण सगळे "व्हेन द डॉक्टर विल कम" म्हणतो. का? कारण भाषांतराच्या वहीत "जेव्हा डॉक्टर येतील तेव्हा" असं शिकलोय. असं प्रत्यक्षात कोण बोलतं? आपण "आले की" म्हणतो, त्यात भविष्यकाळ नाहीच. इफ, अनटिल, आफ्टर यांनाही तेच: "बरं वाटलं की", "सलाईन संपलं की". सलाईन संपलं की बेल दाबा. कुठाय ईल?

फ्यूचर परफेक्टला सगळे घाबरतात. ते दहा मिनिटांत झालं, "शुक्रवारपर्यंत गोळ्या संपलेल्या असतील" डोक्यात ठेवा, "लेलं असेल" जिथे तिथे "विल हॅव".

सराव मी घरीच केला. ओईटीत दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकाआधी कार्ड वाचायला तीन मिनिटं आणि मग साधारण पाच मिनिटं बोलायचं. सासूबाई दिवाणावर आडव्या व्हायच्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू, आणि त्या मराठीत विचारणार, मी इंग्रजीत उत्तर देणार. त्या भूमिकेत फार रमल्या. साधं गुडघा दुखतोय असं कार्ड असलं तरी विव्हळायच्या. "सिस्टर, घरी कधी सोडणार हो? घरी सून एकटी आहे." मी विचारात पडले की डोळा उघडून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तू काय बोलतेस ते मला कळत नाही, पण तू मला घालवायच्या घाईत आहेस हे कळतं." क्लासच्या तीन आठवड्यांपेक्षा हे वाक्य महाग. गुण समोर बसलेली व्यक्ती देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरेच लोक देतात, आणि नुसतं व्याकरण नाही, पेशंटशी कसं बोललात तेही मोजतात. रेकॉर्डिंग ऐकल्यावर मला दुसरं एक दिसलं: मी प्रत्येक वेळी "आय विल" असं तोडून, ठासून म्हणत होते. तसं म्हटलं की हट्टाने सांगितल्यासारखं वाटतं, आय *विल* चेंज इट, जसं काही कोणी नको म्हणतंय. तिकडे ते 'आयल' असं मिटवून म्हणतात. "आयल जस्ट चेक." आठवडाभर भांडी घासताना आयल, यूल, हील, शील, वील करत होते. मुलीने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: हा सगळा उद्योग पहिली परीक्षा देण्याआधी करा. मी फी दोनदा भरली.

दुसऱ्या खेपेला बोलण्यात ३८० आले. निकाल ड्यूटीवर असताना मोबाइलवर बघितला, औषधांच्या खोलीत, आणि वॉर्डातल्या मावशींना मिठी मारली. त्यांना वाटलं पगार वाढला.

क्लासच्या ग्रुपवर सरांनी अभिनंदनाचा फोटो टाकला, खाली क्लासचं नाव आणि माझे गुण. मी सतराव्या जागेचा फोटो काढून, त्यावर डायरीचं पान ठेवून पाठवला आणि लिहिलं, सर, "लगेच बदलते" म्हणजे विल. दोन निळ्या टिका दिसल्या. उत्तर नाही. पुढच्या बॅचलाही तोच कागद गेलाय, आमच्याच हॉस्पिटलातल्या एका मुलीकडे बघितला, सतराव्या जागेवर तिनेही "अॅम चेंजिंग" लिहिलं होतं. तिला डायरीची झेरॉक्स दिली. हवी असेल त्यांनी स्वतःची करावी, फक्त रात्रीच्या ड्यूटीत लिहा. दिवसा राउंडच्या गडबडीत माणूस इतकं तोडकं बोलतो की क्रियापदच येत नाही वाक्यात.