तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या क्लासला किती पैसे घालावेत?

तबला, स्केटिंग, चित्रकला; किती पैसे घालावेत, असं बेळगावातल्या शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंतचे पालक सारखं विचारतात. आकड्याआधी मी दोन गोष्टी विचारते: घरात पैसा कधी येतो, आणि पोराला नेणार-आणणार कोण?

पगारदाराला महिन्याची फी जमते. ऊस लावणाऱ्याचं बिल, म्हणजे कारखान्याकडून मिळणारे उसाचे पैसे, हंगामात येतं, आणि जूनमध्ये शाळेची फी, वह्या, बी-खत एकदम उभं राहतं. त्यात कन्नडची शिकवणी असेल तर पहिली कात्री तबल्याला लागते. म्हणून बिल आलं की सहा महिन्यांची फी बाजूला काढा, पण क्लासवाल्याला ती महिन्याच्या महिन्यालाच द्या. पोरगं टिकणार की नाही, ते पहिल्या दोन महिन्यांत कळतं.

नुसती फी धरून हिशेब चुकतो. समजा फी 600, आठवड्याला दोन दिवस क्लास, जाऊन-येऊन 40 रुपये. महिन्याच्या आठ फेऱ्यांचे 320 झाले, म्हणजे फीच्या निम्म्याहून जास्त. वर परीक्षेची फी, आणि वाद्य. आपल्याकडच्या पावसात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते, सूर उतरतो, पोरगं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या गुंफणीवर, हातोडी ठोकत बसतं आणि पुडी फाटते. तबला कोरड्या कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब, उंचावर ठेवा. तरी एका पुडीचे पैसे वर्षाच्या हिशेबात धराच.

मुलींचं वेगळं सांगते. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटक राज्याच्या साध्या बसला आई-मुलीचं तिकीट लागत नाही. तरी मुलीचाच क्लास आधी बंद पडतो, कारण तो संध्याकाळी सातला सुटतो आणि आणायला कोणी नसतं. घरात आजोबा असले किंवा गल्लीतल्या दोघी-तिघी मिळून जात असल्या, तर तो चालू राहतो. फीत सूट मागण्याआधी वेळ बदलून मागा. आणि भावाच्या क्लाससाठी थोरलीचा बंद करणं मला अजिबात पटत नाही. तबला दोघांत एक चालतो. दोघांना वेगवेगळ्या दिवशी पाठवा.

दहावीला सगळं थांबवायची घाई नको. आठवड्याला एकच दिवस ठेवून निम्मी फी घ्याल का, असं गुरुजींना मेमध्येच विचारा. जूनला बॅचेस ठरल्या की त्यांनाही जमवणं अवघड जातं.