गॉसफर्ड पार्क बघितला आज
आज सुट्टी होती तर दुपारी रॉबर्ट आल्टमनचा गॉसफर्ड पार्क (2001) हा सिनेमा बघून टाकला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. 1932 चं इंग्लंड, सर विल्यमच्या हवेलीत शिकारीला जमलेले पाहुणे, वर मालक लोक आणि खाली त्यांचे नोकर, आणि मग खून. पण खरं सांगू का, खून कोणी केला यापेक्षा मला त्या खालच्या मजल्यावरच जास्त थांबावंसं वाटत होतं. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना तिथे मालकाच्याच नावाने हाक मारतात, म्हणजे स्वतःचं नावसुद्धा बाजूला ठेवायचं, आणि जेवायला बसतानाही ज्याच्या मालकाचा मान मोठा त्याची खुर्ची वरची!!

मॅगी स्मिथची काउंटेस तर कमाल, एकेक टोमणा असा की समोरचा गारच, हसून हसून पोट दुखलं.

आणि तो गाण्याचा सीन... पाहुण्यांमधला आयव्हर नोव्हेलो (त्या काळचा खराखुरा नट-संगीतकार) पियानोवर गातोय, हॉलमधल्या बड्या लोकांना कंटाळा आलाय आणि बाहेर अंधारात, दाराआड, जिन्यावर नोकर मंडळी जीव लावून ऐकतायत. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. हेलन मिरनची मिसेस विल्सन, म्हणजे हवेलीची हाउसकीपर, शेवटी जी कोसळते ना, त्याबद्दल काही सांगत नाही, स्वतःच बघा.

ज्युलियन फेलोजला पटकथेचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. फक्त सबटायटल लावा, एका वेळी चार-चार जण बोलत असतात आणि कामाचं वाक्य नेमकं मागून कोणीतरी बोलून जातं.