पहिला भाग टाकायच्या आधी

गेल्या आठवड्यात खानापूरच्या एका मुलीचा मेसेज आला, ताई मला पण ऑनलाइन गोष्टी लिहायच्यात, कुठनं सुरू करू? तिला तेव्हा घाईत दोन ओळी लिहून पाठवल्या पण मग दिवसभर दुकानात काम करताना डोक्यात तेच चालू, की अरे हे सांगायचं राहिलं, ते पण राहिलं. म्हणून आज रविवारी बसून लिहितेय. तिच्यासाठीच आहे, पण अजून कुणी सुरू करणार असाल तर तुम्हीपण वाचा.

मी बेळगावातल्या शहापुरात एका डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, बॅनर, सोसायट्यांचे अहवाल, मराठी कन्नड इंग्लिश तिन्हीत टाइप करते. लिहायची आवड शाळेपासून, मराठी शाळेत होते तोवर वह्याच्या वह्या भरल्या, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला इंग्लिश मीडियम झालं आणि वह्या ट्रंकेत गेल्या. आमच्या इकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, अख्खं गाव राबतं. मी त्यातल्या एका तरी संमेलनाला जाऊन मागं बसून सगळं ऐकून यायची पण कविसंमेलनाला आपलं नाव द्यायचं धाडस कधी झालं नाही. समोर एवढी माणसं आणि त्यात ओळखीची निम्मी.

मोबाईलवर ते झालं. मी प्रतिलिपी या गोष्टींच्या अ‍ॅपवर खातं काढलं. २०१४ ला बेंगळुरूत सुरू झालेलं आहे ते, मराठी धरून बऱ्याच भारतीय भाषांत कुणीपण लिहू शकतं आणि कुणीपण वाचू शकतं. आपल्याच राज्याच्या राजधानीतनं मराठी गोष्टी घराघरात जातात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, सीमाभागातल्या माणसाला ते का बरं वाटतं हे सांगायला नको.

आता पहिली अडचण, जी माझ्यासारख्या डीटीपीवाल्यांना नक्की येणार. माझ्या जुन्या सात-आठ गोष्टी दुकानातल्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. म्हटलं कॉपी करायच्या आणि टाकायच्या, पेस्ट केलं तर सगळी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कारण हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरला ओळखता येणारी अक्षरं, नसतात, आत साठवलेलं अक्षर वेगळंच असतं आणि फॉन्ट त्यावर मराठीचा चेहरा चढवतो, फॉन्ट काढला की चेहरा गेला. कन्व्हर्टर मिळतात, मी वापरला, पण जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडं जातो, ‘दुसऱ्या’चं काहीतरीच होतं. शेवटी एक गोष्ट पूर्ण हातानं परत टाइप केली आणि ते बरंच झालं कारण टाइप करताना कळलं की पहिली दोन पानं उगीचच होती. त्यामुळं नवीन जे काही लिहाल ते पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहा, मोबाईलचा मराठी कीबोर्ड चालतो, कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकून घेतला तर हात फार पळतो. बोलून टाइप करायची सोय पण आहे पण आपलं बेळगावचं बोलणं त्याला झेपत नाही, मी ‘कुठं जाऊलास’ म्हटलं की ते दुसरंच काहीतरी लिहितं.

आणि संवाद तसेच लिहा, आपल्या बोलीत. माझ्या पहिल्या गोष्टीतली वडगावची विणकर बाई पुण्याच्या बाईसारखी बोलत होती, आईनं वाचलं आणि एवढंच म्हणाली, ही कुठली गे, आपल्यातली नव्हे. मी ते सगळे संवाद परत लिहिले.

हक्काचं थोडक्यात सांगते. आपण लिहिलं की त्या क्षणी कॉपीराइट आपला, १९५७ चा कायदा आहे, नोंदणी सक्तीची नाही, लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं तो राहतो. पण कुठल्याही अ‍ॅपवर एखादा करार समोर आला तर ‘एक्स्क्लुझिव्ह’ हा शब्द आधी शोधा, म्हणजे ती गोष्ट तुम्हाला नंतर दुसरीकडं देता येणार का नाही ते कळेल. दुसरं म्हणजे बऱ्याच दिवाळी अंकांना आणि स्पर्धांना अप्रकाशित कथा लागते आणि ऑनलाइन टाकलेली गोष्ट ही प्रकाशितच धरतात. माझी एक चांगली कथा अशीच अडकली, स्पर्धेतनं परत आली. म्हणून ज्या गोष्टीवर तुमचा फार जीव आहे ती कुठं पाठवायची ते आधी ठरवा. आणि मूळ फाइल तारखेसकट स्वतःजवळ ठेवा, स्वतःला मेल करून ठेवली तरी चालेल. माझी एक गोष्ट एका चॅनलवर कुणीतरी सरळ वाचून टाकली होती, नाव पण नाही, तेव्हा तक्रार करताना ती तारीख कामाला आली.

आता खरं जे सांगायचंय ते.

ऑनलाइन सगळ्यात जास्त वाचतात ते क्रमशः, भागाभागानं येणारी गोष्ट. हा काही मोबाईलनं आणलेला प्रकार नव्हे, हरिभाऊ आपट्यांनी १८९० ला करमणूक साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात अशाच तुकड्या-तुकड्यानं यायच्या, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. मी पण सुरू केली. निपाणीतल्या एका विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट, माझी आजी निपाणीची, लहानपणी तिच्या शेजारपाजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसलेल्या मी बघितल्यात. पाच भाग लिहून तयार होते, जोशात आठवड्याला एक असे टाकले. वाचक वाढत गेले, मी खूश. पाचवा भाग संपला तेव्हा त्या बाईची मुलगी घर सोडून कोल्हापूरच्या एसटीत बसलेली होती. आणि मग लग्नसराई आली. दुकानात सकाळी नऊ ते रात्री नऊ, एकेका दिवशी पंधरा-वीस पत्रिका, प्रूफं, त्यात नावं चुकली म्हणून भांडणं, घरी आले की डोळे उघडे राहायचे नाहीत. एक आठवडा गेला, मग दोन, मग मला ते अ‍ॅप उघडायलाच नको वाटायला लागलं, खरं तर पुढं काय होतं हेच मला ठरवता आलं नव्हतं. अडीच महिने गेले.

एका रात्री एका बाईंचा मेसेज आला. ताई, पुढचा भाग येणार आहे का? माझ्या आईला वाचता येत नाही, मी रात्री जेवणं झाली की तिला वाचून दाखवते, तीस वर्षं विड्या वळल्यात तिनं. रोज विचारती, ती पोरगी कोल्हापूरला पोचली का.

तो मेसेज वाचून मी पलंगावर उठून बसले. अडीच महिने ती म्हातारी बाई रोज विचारत होती आणि इकडं मी मला वेळ नाही म्हणून बसले होते. त्या पोरीला मी एसटीत बसवलं होतं, उतरवायचं काम पण माझंच होतं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत लिहिलं, आणि पुढचे पंधरा दिवस रोज रात्री, संपेपर्यंत, आणि संपल्यावरच सहावा भाग टाकला.

म्हणून खानापूरच्या ताई, पूर्ण गोष्ट लिहून झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. शेवट येईपर्यंत लिहा, आठ दिवस बाजूला ठेवा, परत वाचा, आणि मग भाग पाडा. माझा एक भाग हजार-बाराशे शब्दांचा असतो, मोबाईलवर तेवढं एका बैठकीत होतं. वार ठरवा आणि तो पाळा. रेटिंग किती, फॉलोअर किती हे बघत बसाल पहिले काही महिने, मी पण बघायची, पण हे आकडे मनाला लावून घेऊ नका, माझ्या पहिल्या गोष्टीला महिनाभरात अकरा वाचक होते आणि त्यातले चार घरचे.

सहावा भाग गेल्यावर त्या बाईंचा परत मेसेज आला. आईला आवडलं, पण आई म्हणती दुसऱ्या भागात चूक आहे. मी लिहिलं होतं की ती बाई सकाळी उठून पुड्यातनं पान काढून कात्रीनं कापायला बसते. कोरडं पान असं कापलं तर फुटतं, आई म्हणती. पान आदल्या रात्री भिजवायचं, पाणी निथळू द्यायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, तेव्हा सकाळी ते मऊ असतं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्री फिरवली की चर्रकन जातं. आणि वळून झाल्यावर तोंड मुडपायचं राहिलंय, ते पण घाला म्हणती, नाहीतर तंबाखू सांडती.

मी आजीबरोबर एवढी वर्षं तिथं बसले होते आणि ते गोणपाट मला आठवलं नव्हतं. दुसरा भाग उघडला, एडिटवर गेले, आणि त्या बाईला आदल्या रात्री पान भिजवायला बसवलं.