चाकावरची सही

दुपारी तीनला चहा टाकून गॅलरीत आले. समोरच्या काकूंनी गेटच्या दोन्ही बाजूंना निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात. कुत्री त्या रंगाला बिचकतात म्हणे. आमच्या गल्लीतला खंड्या आला, बाटलीभोवती एक फेरी मारली, झाकणापासून बुडापर्यंत हुंगली आणि तंगडी वर करून बाटलीवरच कार्यक्रम उरकला. मग मागच्या पायांनी चारदा माती उडवली नि चालू लागला. इतक्या तब्येतीत मी कधी बँकेच्या कागदावरही सही केलेली नाही.

चहा उतू गेला, अर्थातच.

कुत्री हद्द आखतात, हे मला कधी पूर्ण पटलं नाही. हद्द म्हटली की तलाठी आला, मोजणी आली, भावकी आली. इथे तर खंड्याच्या खांबावर पलीकडच्या गल्लीतली चार कुत्री येतात, सहीवर सही ठोकून जातात. माद्यासुद्धा. कोण आलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, येऊन किती वेळ झाला, सगळा मजकूर त्या दोन थेंबांत. म्हणून तर एका जागी टाकी रिकामी करत नाहीत, दहा खांबांना पुरवून वापरतात. आणि पुढच्याच्या नाकासमोर यावं म्हणून जमेल तितकं उंचावर. 2018च्या एका अभ्यासात दिसलं की बुटकी कुत्री तंगडी जरा जास्तच वर नेतात. आहोत त्यापेक्षा मोठे वाटावं म्हणून असेल, असा संशोधकांचा अंदाज. मला चौकातल्या फ्लेक्सवरचे दादा आठवले.

कोलोरॅडोतल्या मार्क बेकॉफ नावाच्या प्राध्यापकांनी तर पाच हिवाळे कुत्र्यांनी पिवळा केलेला बर्फ हातमोज्यांनी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला. त्यांचा जेथ्रो स्वतःच्या बर्फापाशी फारसा रेंगाळायचा नाही, दुसऱ्या कुत्र्यांचा मात्र बराच वेळ हुंगायचा. 2001 साली त्यांनी यावर रीतसर निबंध छापला. घरच्यांनी ते हातमोजे कुठे ठेवू दिले असतील, एवढंच माझ्या मनात येत राहतं.

आमच्याकडे साताऱ्यात बर्फ नव्हता, बाबांची चेतक होती. संध्याकाळी सव्वासहाला ती स्टँडवर चढली की मोत्या हजर. पुढचं चाक नाही, कायम मागचंच. बाबा तांब्या घेऊन धावायचे, पण मोत्याचं वाचन झाल्याखेरीज तो हलायचा नाही. ऑफिसातून थेट आले असले तर दोन सेकंदांत हुंगून, शिक्का मारून मोकळा. राजवाड्याकडून चक्कर मारून आले असले की नाक टायरच्या खाचांतून निघायचंच नाही. नवी गल्ली, नवी कुत्री, केवढं वाचायचं! आई पायरीवर घेवडा मोडत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "आज राजवाड्यावर गेला होतात वाटतं. पेढे किती खाल्लेत?"

बाबांना डायबेटिस होता. ते मोत्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहायचे.

एकदा तर त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच थांबून नळावर चाक धुऊन आणलं. मोत्याने ओल्या टायरला एकदा नाक लावलं आणि बाबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं.

मोत्या जाऊन जमाना झाला. गल्लीत कुत्र्यांच्या दोन-तीन पिढ्या आल्या. गुडघ्यांमुळे बाबांची चेतकही सुटली, पत्र्याच्या शेडखाली असते. किक मारत नाहीत, पण विकू देत नाहीत. दिवाळीत गेले तेव्हा फडकं घेऊन मागच्या चाकाशी बसले होते. चाक कोरडं ठणठणीत.

"हल्ली एकही कुत्रं फिरकत नाही गं इकडे," म्हणाले.